गंजलेली बोलेरो आणि पार्टससाठी दोन गाड्या

कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. घाटावरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागते. त्याच्याकडची पंधरा-वीस वर्षांची जीप धूर ओकत असते, गिअर अडकत असतो, पण दरवाजा लोटला की खटकन बसतो. आपल्याकडे उलटे. इंजिन एका सेल्फला चालू होते आणि पायाखालचे मॅट उचलले की रस्ता दिसतो.

दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात अशा गाड्या घराघरांत आहेत. बहुतेक आखातातल्या कमाईवर घेतलेल्या. घेणारा माणूस दोन वर्षांनी एकदा येई, गाडी बाकीचा वेळ अंगणात किंवा झापांच्या मांडवाखाली उभी असे. धावणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर गंजते. खाडीवरून येणारी खारी हवा तिच्या खाचाखोचांत बसते, पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चार महिने पत्र्याच्या पोटातली ओल सुकतच नाही. लोखंड, पाणी आणि हवा एवढे तिघे भेटले की गंज सुरू होतो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग वाढतो. कोणी पर्यटकांना घेऊन किनाऱ्याच्या वाळूत गाडी फिरवतो, कोणी हर्णैहून मासळीची टोपली मागे टाकून आणतो. बर्फाचे खारट पाणी मागच्या पत्र्यावरून ठिबकत चासीपर्यंत जाते. त्या दोन-तीनशे रुपयांच्या भाड्याची किंमत दहा वर्षांनी कळते.

माझ्या सासरी अशीच एक बोलेरो आहे, २००७ सालची, साध्या डीआय इंजिनाची. मोठे दीर कुवेतला होते तेव्हा त्यांनी रोख पैसे देऊन घेतलेली. तिने घरातली तीन लग्ने पाहिली, दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या वाहिल्या, दोन बाळंतिणींना रात्री-अपरात्री खेडला पोहोचवले. आता आठवड्यातून दोनदा ती सासूबाईंना चिपळूणला डायलिसिससाठी नेते. दोन तास जायचे, चार तास यंत्रावर, दोन तास यायचे. उतरताना त्यांच्यात बसण्याचेही त्राण नसते. हे एसटीने होत नाही, आणि भाड्याच्या गाडीने महिन्याचे गणित बसत नाही. गेल्या पावसाळ्यात मधल्या सीटच्या पायाशी पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांच्या पायाखाली आम्ही फळी टाकली. म्हणून गाडी ठेवायची की नाही हा आमच्याकडे प्रश्नच नव्हता. ती कशी ठेवायची, हा प्रश्न होता.

गावातल्या डेंटरने आकडा सांगितला ९०,००० रुपये. दोन्ही पायदाने, मधला आणि मागचा फ्लोअर, चार दरवाजांचे खालचे काठ, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि वरून रंग. शो-रूममधून फोन येतच होते, ‘जुनी द्या, नवी घ्या, हप्ते बांधून देतो’. पण घरात व्याजाची गाडी नको, हे भाईजानांचे ठरलेले. नणंदेने कर्जे हसना म्हणून एक लाख देऊ केले होते, आंब्याच्या हंगामातले थोडे शिल्लक होते. सगळे मिळून दोन-सव्वादोन लाख. याच्यावर एक रुपया नाही.

अशा वेळी पुतण्याने मोबाइलवर दोन गाड्या शोधून काढल्या. एक कऱ्हाडजवळ, समोरून ठोकर बसलेली. मागचा भाग, दरवाजे, काचा शाबूत. मागणी ६०,०००. दुसरी सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे, २००८ सालची. इंजिन तापून बंद पडलेले, वर्षभर उभी, पण माणदेशच्या कोरड्या हवेत राहिलेली. मागणी १,१०,०००. पुतण्याचे म्हणणे असे, की दोन्ही घेऊ, दोन्हींतले चांगले पत्रे कापून आपल्या गाडीला लावू, उरलेले भंगारात घालू. गॅरेजात याला ‘पार्टसची गाडी’ म्हणतात, इंग्रजी बोलणारे ‘डोनर’ म्हणतात. कल्पना ऐकायला मोहक असते. एका दरवाजाच्या पैशात अख्खी गाडी मिळते असे वाटते.

गंज कुठे आहे?

पार्टसची गाडी घ्यावी की नाही, याचे उत्तर त्या गाडीत नसते, आपल्या गाडीच्या पोटाखाली असते. हे आम्हांला खेडच्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितले. वय सत्तरीच्या आसपास, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, हातात छोटी हातोडी आणि जुना पेचकस घेतला, आणि पुढून मागे ठोकत गेले. चांगला पत्रा टणक वाजतो. सडलेला ‘भद्’ असा बसका आवाज देतो. जिथे आवाज बसला तिथे पेचकसचे टोक दाबायचे. टोक आत गेले की बोलणेच संपले.

बोलेरो, सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ या गाड्यांची बांधणी मुंबईत धावणाऱ्या छोट्या गाड्यांसारखी नसते. खाली शिडीसारखी चासी असते, म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे बीम. तिच्यावर रबराचे गट्टू ठेवून वरची बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. इंजिन, पाटे, चाके हे सगळे चासीला धरून. त्यामुळे बॉडीचा पत्रा कितीही सडला तरी तो बदलता येतो. घराचे छप्पर बदलण्यासारखे आहे ते. चासी सडली तर मात्र पायाच गेला.

उस्तादांनी गंजाचे जे वर्गीकरण केले ते मला फार उपयोगाचे वाटले. वरवरचा लाल गंज हा गंज नव्हेच, ती फक्त सूचना. घासून, गंजावर चालणारे आम्ल लावून, प्रायमर मारला की थांबतो. दुसरा फुगलेला गंज. लोखंडाचा गंज झाला की त्याचा आकार मूळ लोखंडापेक्षा कितीतरी वाढतो, म्हणून दोन पत्रे जिथे एकमेकांवर जोडलेले असतात तिथे सांधा फुगतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. पायदान आणि दरवाजाचे काठ असेच जातात. दरवाजाच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात; ती मातीने बुजली की दरवाजा आतून पाण्याची बादली होतो. तिथला पत्रा कापून नवा लावावा लागतो, दुसरा इलाज नाही. तिसरा गंज चासीच्या तुळईच्या आतला. बाहेरून काळा रंग तुकतुकीत, आत वर्षानुवर्षांचा चिखल. तो बहुधा मागच्या बाजूला, पाट्याचा हँगर जिथे चासीला जोडलेला असतो तिथे सापडतो. मागच्या चाकाचा सगळा दणका त्याच जागी येतो.

आमच्या गाडीत उजव्या बाजूचा पेचकस तिथेच आत गेला. चार बोटे लांबीची जागा. डावीकडे आवाज बसका होता, पण टोक गेले नाही.

“पट्टी मारून देता येईल का?” भाईजानांनी विचारले.

“मारणारे दहा मिळतील,” उस्ताद म्हणाले. “मातीच्या रस्त्यावर खत-गवत वाहायला मीही मारून दिली असती. पण तुम्ही यात आईला बसवून घाट चढता.”

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती आपल्याकडे सर्रास चालते. पावसाळ्याच्या तोंडावर चासीला जळके ऑइल मारतात. त्याने वरचा गंज काही काळ दबतो हे खरे, पण रबराचे गट्टू आणि बुश फुगून खराब होतात, आणि पहिल्या पावसात ते तेल विहिरीच्या दिशेने वाहत जाते. गंजावरच काळे कोटिंग मारणे त्याहून वाईट. ओल आत कोंडते आणि दोन वर्षांनी कोटिंगसकट पत्रा हातात येतो. कोटिंग मारायचे तर आधी पोट धुऊन, सुकवून, घासून.

आकडे

पुतण्याची योजना कागदावर मांडली, तेव्हा घरातला उत्साह जरा ओसरला. दोन गाड्यांचे १,७०,०००. कऱ्हाड आणि आटपाडीहून कुंभार्ली घाट उतरून त्या ओढून आणायचे भाडे, १५,००० प्रत्येकी, म्हणजे ३०,०००. पत्रे कापून काढणे, आपल्या गाडीचे सडलेले कापणे, जोडणे, सीओटू वेल्डिंग, याची मजुरी ७०,०००. रंग ३५,०००. बेरीज ३,०५,०००. उरलेली दोन धुडे भंगारात दिली तर ५०,००० परत येतील असे धरले, तरी अडीच लाख. डेंटरने नवे पत्रे घालून सांगितलेले ९०,००० त्याच्या निम्मेही नाहीत.

हा फरक का पडतो, ते समजून घेण्यासारखे आहे. बोलेरो अजून कारखान्यातून निघते. तिचे दरवाजे, मडगार्ड, पायदाने, फ्लोअरचे तुकडे नवे मिळतात, शिवाय बाजारात स्वस्त नकलीही मिळतात. जुन्या गाडीतून पत्रा कापून आणायची मजुरी नव्या पत्र्याच्या किमतीला मागे टाकते. जिथे नवा भाग मिळतो तिथे पत्र्यासाठी दुसरी गाडी घेणे हा तोट्याचा धंदा आहे.

क्वालिसवाल्यांचे तसे नाही. क्वालिस २००० साली आली आणि २००५ मध्ये बंद झाली. तिचे इंजिन आजही कुठेही दुरुस्त होते, पण मागचा दरवाजा किंवा काचेभोवतीची चौकट हवी तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडावे लागते. तिथले दुकानदार गाडीचे नाव ऐकून, मागे वळून न पाहता, माळ्यावरचा नेमका भाग पोराला सांगतात. ते पाहणे हीसुद्धा एक गंमत आहे. पजेरोसारख्या गाडीचे भाग तर मिळाले तरी किंमत ऐकून माणूस खाली बसतो. अशा गाड्यांच्या मालकाने चासी चांगली असेल तर जरूर दुसरी गाडी घ्यावी. तीही एकच, त्याच सालच्या आसपासची, त्याच मॉडेलची. त्यातले इंजिनचे सुटे भाग, गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल, काचा, दरवाजे, वायरिंग, डॅशबोर्ड कामाचे. ब्रेकचे पाइप, टायर, सीटबेल्ट मात्र जुन्या गाडीतले घेऊ नयेत. त्यांचे आयुष्य तिथेच संपलेले असते.

आणि पुरातली गाडी नको. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणात शिरले, महाडात सावित्रीने तेच केले. शेकडो घरांसमोरच्या गाड्या चिखलात बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून अजून फिरत असतात. सीटचे रूळ, सीटबेल्टचे तळ आणि डॅशबोर्डच्या मागचे बोल्ट पाहिले की ओळखू येते. तिथे बारीक सुकलेला गाळ राहतोच, तो कोणी काढत नाही.

या सगळ्या आकड्यांत जी गोष्ट पुरुषांच्या कागदावर नव्हती ती सासूबाईंनी विचारली. “ठेवणार कुठे?” खरेच, दोन गाड्या अंगणात आल्या तर काम होईपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या मिस्त्रींचा वेग पाहता वर्षभर, तिथेच राहणार. खाली कोंबड्या अंडी घालतील, पावसात टायरमध्ये डास होतील, उंदरांच्या मागे जनावर येईल. वाळवणाची जागा जाईल. मुले काचांशी खेळतील. माझ्या माहेरी शेजाऱ्यांनी अशी एक सुमो ‘दोन महिन्यांसाठी’ आणून ठेवली होती. तिच्यातून आता पपईचे झाड वर आले आहे.

कागद

कऱ्हाडच्या गाडीसाठी हे आणि भाईजान स्वतः जाऊन आले. गाडी दिसायला होती तशीच होती, पण आरसी बुक नव्हते. विकणारा म्हणाला, “पार्टससाठीच नेताय ना, मग कागद कशाला?” हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथून उठावे. चासी नंबरची जागा पाहिली तर तिथे ग्राइंडर फिरलेला. गाडी चोरीची निघाली तर घेणाऱ्यालाही पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि घासलेला नंबर पाहून घेतलेली गाडी ‘मला काय माहीत’ म्हणून सुटत नाही. साठ हजारांचा सौदा तिथेच संपला.

येताना वाटेत एका गॅरेजवाल्याने दुसरा तोडगा सुचवला. आटपाडीची गाडी घ्या, तिची चासी चांगली आहे. तुमच्या चासीचा नंबराचा तुकडा कापून तिच्यावर जोडून देतो, नोंदणी तुमची, गाडी तिची. लोक असे करतात. चासी नंबर म्हणजे गाडीचे नाव. तो बदलणे हा सरळ बनावटपणा आहे. पुढे अपघात झाला आणि विम्याच्या तपासणीसाने तो जोड पाहिला, तर ज्याला लागले त्याची भरपाई मालकाच्या घरातून जाण्याची वेळ येते. भाईजानांनी चहाचे पैसे देऊन त्याला सलाम केला.

इंजिनाचेही तसेच. त्याच्या ब्लॉकवर नंबर कोरलेला असतो आणि तो आरसी बुकात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अख्खे इंजिन बदलले तर ते परस्पर करता येत नाही, आरटीओत नोंदवावे लागते. हेड, टर्बो, पंप, गिअरबॉक्स यांना आरसी बुकात जागा नाही; ते बदलणे ही निव्वळ दुरुस्ती. हा फरक लक्षात ठेवावा. आमच्या घरी पुढे तोच कामी आला.

वयाबद्दलही बराच गोंधळ आहे. ‘दहा वर्षांची डिझेल गाडी बंद’ हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला, महाराष्ट्रातला नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. मात्र ही वाढ आता स्वस्त नाही. मोटारीसाठी जे शुल्क ६०० रुपये होते ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. खर्चाचा हिशेब करताना ही रक्कम आणि त्या तपासणीत गाडी नापास होण्याची शक्यता, दोन्ही धरावीत.

मग पार्टसची गाडी कोणती?

उस्तादांकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली, “आटपाडीच्या गाडीत बिघडलंय काय नक्की?” इंजिन तापून बंद, एवढेच आम्हांला माहीत होते. त्यांनी आपला माणूस पाठवला. पाण्याचा होज फुटला, ड्रायव्हरने काट्याकडे न पाहता गाडी तशीच दामटली, हेडला तडा गेला. ब्लॉक ठीक, लायनरवर ओरखडे नाहीत. आरसी बुक विकणाऱ्याच्याच नावावर, नोंदणी वाढवून घेतलेली, बँकेचा बोजा नाही, हे सगळे परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून पाहिले. पोटाखाली पेचकस कुठेच आत गेला नाही. फक्त लाल धूळ. ती गंजाची नव्हती, माणदेशची होती.

“तुमच्याकडे चांगलं इंजिन आहे, त्यांच्याकडे चांगली गाडी आहे,” उस्ताद म्हणाले. “तुम्ही तिचा पत्रा काढून हिला लावायला निघालात. हिचं हेड काढून तिला का लावत नाही?”

म्हणजे पार्टसची गाडी आमच्या अंगणातच उभी होती. हे ऐकून भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. कुवेतच्या उन्हात अकरा वर्षे काम करून घेतलेली गाडी, तिच्या काचेवर अजून पहिल्या दिवशीचे ‘माशाअल्लाह’ आहे. आपण तिला वाचवायला निघालो होतो आणि हा माणूस तिचेच भाग काढायला सांगत होता. पुतण्यानेही कुरकुर केली. त्याला ‘आपली’ एमएच ०८ची नंबरप्लेट हवी होती, एमएच १० नको. शेवटी हे म्हणाले, “भाईजान, अम्मीला नंबरप्लेटवर बसायचं नाहीये.” मग ते हसले.

हिशेब पुन्हा मांडला. आटपाडीची गाडी घासाघीस करून १,०५,०००. ओढून आणायचे १५,०००. हेड उतरवणे, लेथवर तपासून सपाट करून घेणे, नवा गॅस्केट, पाण्याचे सगळे होज, ऑइल आणि मजुरी, २८,०००. चार टायर, बॅटरी, ब्रेकचे पाइप आणि लायनर, ४२,०००. नाव बदलणे, विमा, किरकोळ, १५,०००. एकूण २,०५,०००. डेंटरच्या ९०,००० पेक्षा हे दुपटीहून जास्त आहे, आणि ज्याची चासी धड आहे त्याने आमच्या वाटेने मुळीच जाऊ नये. त्याने नव्वद हजारांत पत्रे बदलावेत आणि आणखी सात-आठ वर्षे गाडी चालवावी. आमच्याकडे ते नव्वद हजार सडलेल्या पायावर गेले असते.

आमची जुनी गाडी आहे तशी घ्यायला एक जण तयार होता, ८०,००० देऊन. तो लांबी भरून, रंग मारून ती पुढे विकणार हे उघड होते. लांबी म्हणजे गाडीच्या दुनियेतली सगळ्यांत मोठी थाप. बोटभर जाड लांबीच्या आत पत्रा उरलेलाच नसतो आणि वरून रंग आरशासारखा. घेणाऱ्याने खिशात एक लोहचुंबक ठेवावा. पायदानावर तो चिकटला नाही की समजावे. विकणाऱ्यासाठी तर धान्याच्या ढिगाची गोष्ट आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. चासीचे भोक सांगून गाडी विकायची म्हटले तर ८०,००० कोणी देणार नव्हते. न सांगता विकायला अम्मी तयार नव्हत्या. “त्यात दुसऱ्याची आई बसेल,” एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणून ती सरकारमान्य स्क्रॅप केंद्रावर द्यायचे ठरले. हेड काढले आहे हे आधी सांगून, वजनावर. गल्लीतला भंगारवाला रोख जरा जास्त देतो, पण नोंदणी मालकाच्याच नावावर जिवंत राहते. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असे कलम ५५ सांगते. नाहीतर ती नंबरप्लेट उद्या कुठल्या गाडीवर फिरेल याचा नेम नाही. गाडी चालती विकली तरी हेच. कागदावरचे नाव बदलले नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. केंद्रावर गाडी दिली की जमा प्रमाणपत्र मिळते. त्यावर पुढे कधी नवी खासगी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ आणि रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत, अशी तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. आम्हांला नवी घ्यायची नाही, पण कागद कपाटात राहील.

आटपाडीची गाडी कोकणात आली की तिचेही घड्याळ सुरू होते. म्हणून उस्तादांनी ती अंगणात येण्याआधीच चार दिवस ठेवून घेतली. पोट गोड्या पाण्याने धुतले, उन्हात सुकवले, लाल डाग घासून प्रायमर मारला, दरवाजांच्या तळाची भोके तारेने मोकळी केली, चासीच्या पोकळीत मेण फवारले आणि मग कोटिंग. नऊ हजार लागले, ते वरच्या हिशेबात नव्हते. मासळीची टोपली या गाडीत चढणार नाही, हे अम्मींनी पुतण्याकडून सर्वांसमोर कबूल करून घेतले आहे.

हेड बसले, गाडी दोन आठवडे झाले चिपळूणला जाते आहे. परशुराम घाट चढताना काटा अर्ध्याच्या वर जात नाही. जुनी अजून विहिरीजवळ उभी आहे, स्क्रॅप केंद्राची गाडी पुढच्या मंगळवारी तिला न्यायला येणार आहे. भाईजानांनी तिची मधली सीट काढून ओसरीवर ठेवली आहे. ती कशाला हवी, असे त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.